संगीत वर्गांतील एकत्र बैठक वेळापत्रकातून वगळू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळांबरोबर गोव्यातील संगीत वर्गही नव्याने सुरू होतात, आणि प्रत्येक वर्गाच्या दारावर नवे वेळापत्रक लागते. या वेळापत्रकांत अलीकडे एक बदल ठळकपणे दिसू लागला आहे. पूर्वी एका तुकडीतील सगळी मुले एकाच जाजमावर दीड-दोन तास बसत असत. आता अनेक ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याला वीस किंवा तीस मिनिटांची स्वतंत्र वेळ दिली जाते. मूल येते, आपला धडा घेते आणि उठून जाते. त्याच्यानंतरचे मूल तोवर बाहेर गाडीत आईबरोबर थांबलेले असते. दोघांची एकमेकांशी ओळखही होत नाही. आमच्या भागातील एका वर्गाने तर विद्यार्थ्यांची मासिक बैठकही परीक्षेच्या तयारीत अडथळा होतो म्हणून बंद केली आहे. या बदलाविषयी पालक, शिक्षक आणि कलासंस्था यांनी वेळीच विचार करावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या बदलामागची कारणे मला समजतात. मुलांच्या शिकवण्या, शाळेचे प्रकल्प, बसच्या वेळा आणि दहावीचे वर्ष या सगळ्यांतून गाण्यासाठी दोन तास काढणे कोणत्याही घराला सोपे नाही. शिक्षकाचा उदरनिर्वाह फीवर चालतो, आणि स्वतंत्र वेळ दिली की फी अधिक घेता येते, हेही खरे आहे. त्यात अप्रामाणिक असे काही नाही. शिवाय गळा तयार होण्यासाठी गुरूने एकेका शिष्याकडे स्वतंत्र लक्ष द्यावेच लागते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. माझा आक्षेप स्वतंत्र तालमीला नाही. तिच्यासाठी एकत्र बसणे पूर्णपणे मोडीत काढले जाते, त्याला आहे.

एकत्र बसण्याने नेमके काय मिळते, हे वर्गाबाहेरच्या माणसाला सहज दिसत नाही. समजा, गुरुजी भूप शिकवत आहेत. या रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत, हे वहीत लिहून घ्यायला एक मिनिट पुरते. पण एखादे मूल आलापात गंधारावरून पंचमाकडे जाताना नकळत मध्यमाला स्पर्श करते, गुरुजी हात वर करून त्याला थांबवतात आणि तीच जागा पुन्हा म्हणायला लावतात, तेव्हा शेजारी बसलेल्या दहा मुलांच्या कानांना तो मध्यम कायमचा कळतो. त्या मुलाचा संकोचही लवकर जातो, कारण थोड्याच वेळात दुसऱ्या कुणाकडून तीच चूक होते. एकच राग अनेक गळ्यांतून ऐकला की त्याचे चलन आणि एका व्यक्तीची गाण्याची सवय यांतला फरक मुलाला उमगू लागतो. वीस मिनिटांच्या स्वतंत्र धड्यात ते केवळ गुरूचा आणि स्वतःचा आवाज ऐकते, आणि त्याच दोन आवाजांना राग समजून बसते.

साथसंगतीच्या बाबतीत तर एकत्र बैठकीला पर्यायच नाही. तबला शिकणारा विद्यार्थी घरी लेहऱ्याच्या (तालाची आवर्तने दाखवणारी धून सतत वाजवणाऱ्या) यंत्रावर तासन्‌तास त्रितालाचे कायदे, म्हणजे तबल्याच्या ठरावीक बोलरचना, वाजवू शकतो. ते यंत्र कधी चुकत नाही, थांबत नाही आणि श्वासही घेत नाही. माणूस मात्र चुकतो. प्रवेशिकेची, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षेची, मुलगी बंदिशीचा मुखडा एक मात्रा आधी उचलते, विलंबित एकतालाच्या बारा मात्रांत कुठेतरी वाट चुकते आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याऐवजी दोन मात्रा पुढे निघून जाते. अशा वेळी तबल्यावरच्या मुलाने काय करावे? ठेका सोडायचा नाही, तिला घाबरवायचे नाही, आणि पुढच्या आवर्तनात सम इतकी स्पष्ट द्यायची की ती आपोआप जागेवर येईल. हे कौशल्य पुस्तकात नाही आणि यंत्रातही नाही. ते वर्गातील नवशिक्या गायकांबरोबर वर्षानुवर्षे वाजवूनच येते. त्याच वेळी पेटीवर बसलेला विद्यार्थी गळ्याच्या पुढे न धावता मागून जायला शिकतो, आणि गायकाने जागा घेतली की हात हलका करायला शिकतो. गाणाऱ्या मुलीलाही कळते की आपण एकटे गात नाही, आपल्या श्वासाकडे दोन माणसे कान लावून बसली आहेत. चांगल्या साथीदारांची उणीव गोव्यातील प्रत्येक उत्सव समितीला आणि प्रत्येक भजनी मंडळाला जाणवते. साथीदार घडवण्याची जागाच आपण बंद करत असू, तर ही उणीव भरून येणार कशी?

वाद्यांची निगा हाही असाच एकत्र शिकण्याचा विषय आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की चढवलेला तबला तासाभरात उतरतो, पुडी (तबल्याचे कातडे) सैल पडते आणि तानपुऱ्याची जवारी (तारांना झंकार देणारी घोडी) बोलेनाशी होते. पूर्वीच्या वर्गात बैठकीआधीचा बराच वेळ वाद्ये लावण्यात जात असे. मोठा विद्यार्थी तानपुऱ्याचे मणी सरकवत असे, दुसरा तबल्याच्या गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडीचे हलके घाव देत असे, आणि लहान मुले षड्‌ज जुळला की नाही हे सांगण्याच्या चढाओढीत कान टवकारून बसत. आज मोबाइलवरचा तानपुरा एका बोटात सुरू होतो. त्याची सोय मी नाकारत नाही, घरच्या रियाजासाठी तो उपयोगीच आहे. पण विशारद ही वरची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला तानपुरा लावता येत नाही, असे प्रसंग आता दुर्मीळ राहिलेले नाहीत, आणि ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

2020 च्या टाळेबंदीत संगीत वर्ग पडद्यावर गेले. त्या काळात शिक्षकांनी ज्या चिकाटीने शिकवणे चालू ठेवले, त्याबद्दल आदरच वाटतो. परंतु त्याच काळाने एकत्र गाण्याचे मोलही दाखवून दिले. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. इंटरनेटवरून येणाऱ्या आवाजाला सेकंदाच्या दशांशाइतका जरी उशीर झाला, तरी तबलजी गायकापासून 34 मीटर अंतरावर बसल्यासारखे होते. त्यामुळे पडद्यावर दोन माणसे एका लयीत गाऊ शकत नव्हती. एक जण गाई आणि बाकीच्यांचे माइक बंद ठेवावे लागत. पुढे टाळेबंदी उठली, पण एका वेळी एकच विद्यार्थी ही सवय मात्र राहून गेली. नाइलाजाने स्वीकारलेली व्यवस्था आज चांगली शिकवणी म्हणून मिरवावी, हे मला पटत नाही.

काही जाणकार येथे असा मुद्दा मांडतात की मोठे कलाकार वर्गातून घडत नाहीत, ते एका गुरूच्या प्रदीर्घ तालमीतून घडतात. याची उदाहरणे गोमंतकातच आहेत. केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोघींनी अल्लादिया खाँसाहेबांची तालीम घेतली. केसरबाईंची भैरवी 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेतून अवकाशात गेली. मोगूबाईंनी आपली विद्या किशोरीताई आमोणकरांना दिली. या परंपरेपुढे आपण सगळेच नतमस्तक आहोत. पण गावातल्या संगीत वर्गाचे काम केसरबाई घडवणे हे नाही, आणि तसा दावाही कुणी करू नये. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गाणे दरबार आणि घराण्यांच्या बाहेर आणून सामान्य घरातील मुलांना वर्गात बसवून शिकवणे, हेच त्यांना करायचे होते. आज ज्या परीक्षांसाठी बैठका बंद केल्या जात आहेत, त्या प्रारंभिक ते अलंकार परीक्षांची परंपरा त्यांच्याच कार्यातून पुढे आली आहे.

गावच्या वर्गातून बाहेर पडणारी बहुतेक मुले गायक होत नाहीत. ती शिक्षिका होतात, बँकेत लागतात, बागायती पाहतात, काही परदेशी जातात. त्यांच्या संगीताचा उपयोग कुठे होतो, हे पाहायचे असेल तर वास्कोच्या श्री दामोदर भजनी सप्ताहाला जावे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारे ते भजन चोवीस तास अखंड चालते, आणि एक जोडी थकली की दुसरी जोडी सूर न तुटू देता पुढे घेते. शंभराहून अधिक वर्षे हे भजन तुटलेले नाही, कारण प्रत्येक पिढीत ते उचलून धरणारे गळे आणि हात तयार होते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत घरोघरी घुमट या मातीच्या तालवाद्यावर आरत्या होतात, त्या शामेळ (काठीने वाजवायचे चर्मवाद्य) आणि झांजेच्या साथीत एकट्याने म्हणताच येत नाहीत. घुमटाला 2019 मध्ये राज्य वारसा वाद्याचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु केवळ दर्जा मिळाल्याने एखादे वाद्य वाजत राहत नाही, त्यासाठी एकाच लयीत हात टाकणारी चार-सहा मुले दर वाड्यावर हवीत. देवळांच्या उत्सवांतील नाटकांना नाट्यपदे गाणारे आणि ऑर्गनवर बसणारे लागतात. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत बालपथके आणि महिला पथकेही उतरतात, त्यांनाही पखवाज आणि पेटीवर आपलीच माणसे हवी असतात. एका गावाला एक नामवंत गायक लाभला तर ते त्या गावाचे भाग्य आहे. पण ठेका धरता येणारी, सुरात सूर मिळवता येणारी आणि दुसऱ्याचे गाणे समजून ऐकणारी चाळीस माणसे नसतील, तर त्या गावाचा उत्सव ध्वनिमुद्रित गाण्यांवरच चालवावा लागेल.

आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या परंपरेतून या बाबतीत पुष्कळ शिकण्यासारखे आहे. पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मेस्त, म्हणजे संगीत शिक्षक, मुलांना एकत्र बसवून सोल्फा (पाश्चात्य स्वरांची नावे घेऊन गाण्याची पद्धत) शिकवत, हातात व्हायोलिन देत आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) वेळी तीच मुले गायनवृंदात एकत्र उभी राहत. स्वरलिपी वाचणे आणि दुसऱ्याबरोबर वाजवणे या दोन्ही गोष्टी तेथे बालपणीच अंगी येत. पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक इतक्या मोठ्या संख्येने बसले, त्याचे मूळ या शिक्षणात आहे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून पाश्चात्य वाद्यवृंद आणि आपले राग एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. हिंदुस्थानी संगीताचे वर्ग आणि पाश्चात्य संगीताचे वर्ग आज एकाच शहरात, कधी एकाच रस्त्यावर चालतात, पण त्यांच्या विद्यार्थ्यांची वर्षातून एकदाही गाठ पडत नाही. वर्षाकाठी एखादी संयुक्त सभा घेणे यात अवघड असे काय आहे, हे मला समजत नाही.

आणखी एक गोष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. गोव्यात ही विद्या ज्या कलावंत स्त्रियांनी देवळांच्या आश्रयाने पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांना समाजाने तिचा सन्मान फार उशिरा दिला. कोणी गावे, कोणी वाजवावे आणि कोणी नुसते ऐकावे, हे पूर्वी जन्मावर ठरत होते. संगीत वर्गाच्या जाजमावर ही भिंत हळूहळू पडली. आज एखाद्या वर्गात भटजींचा मुलगा, गवंडीकाम करणाऱ्या कानडी कुटुंबातील मुलगी, निवृत्तीनंतर पेटी शिकायला आलेल्या आजी आणि बाजारात दुकान असलेल्या घरातील जुळे भाऊ शेजारी शेजारी बसतात. साठीच्या आजींना आठ वर्षांची मुलगी पलटा म्हणून दाखवते, आणि आजी तिला अभंगाचा अर्थ सांगतात. कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा त्या खोलीत ऐकू येतात. शाळा मुलांना वयाप्रमाणे वेगळे बसवते, वाडे आणि देवळे अजूनही अनेकदा घराण्यांप्रमाणे बसवतात. वय, जात आणि मिळकत बाजूला ठेवून माणसे दर आठवड्याला एकत्र येतात आणि एकमेकांची चूक सांभाळून घेतात, अशा जागा गावात फार नाहीत. स्वतंत्र वेळांच्या पद्धतीत या माणसांची केवळ दारात नजरानजर होईल, तीही झाली तर.

एकत्र बैठकीच्या अडचणी मी लपवू इच्छित नाही. सगळ्यांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, एक नसते. पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून सांगायचे तर मुलींना काळी चार किंवा काळी पाच सोयीची असेल, तर मोठ्या मुलांना काळी एक हवी असते, आणि आवाज फुटण्याच्या वयातील मुलाला कोणतीच पट्टी नीट पेलत नाही. एकाच सुरात सर्वांना गायला लावले तर कुणाचा तरी गळा ताणला जातो. यासाठी पट्टीप्रमाणे दोन गट करता येतात, आणि आवाज फुटत असलेल्या मुलाला ते वर्षभर तबल्यावर किंवा तानपुऱ्यावर बसवता येते. जुने शिक्षक असेच करत, आणि त्यामुळे ते मूल त्या अवघड वर्षात गाणे सोडून जात नसे. दुसरी अडचण अशी की मोठ्या तुकडीत लाजरे मूल मागे दडून राहते. शिक्षकाने त्याला आवर्जून पुढे बोलावले पाहिजे, पण त्यासाठीही ते तुकडीत असायला हवे. तिसरी अडचण पैशांची, आणि ती सर्वांत खरी आहे. आठवड्यातील एक सायंकाळ एकत्र बैठकीला दिली तर शिक्षकाच्या तेवढ्या स्वतंत्र वेळा बुडतात. हा भार त्यांनी एकट्यांनी सोसावा, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. पालकांनी या बैठकीला फुकटची जादा वेळ न समजता मूळ शिक्षण समजावे आणि फीचा हिशोब त्याप्रमाणे मान्य करावा.

आता काही सूचना. अनेक देवस्थानांच्या अग्रशाळा (यात्रेकरूंसाठीच्या निवासाच्या इमारती) आणि सभागृहे उत्सवाचे दिवस सोडले तर संध्याकाळी रिकामी असतात. देवस्थान समित्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ ती परिसरातील संगीत वर्गांना भाडे न घेता द्यावीत. त्याच मुलांच्या गळ्यावर पुढे देवस्थानाचे भजन चालणार आहे. मडगाव, कुडचडे, साखळी आणि वास्को येथील रवींद्र भवनांनी आणि फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिराने महिन्यातून एकदा केवळ विद्यार्थ्यांची सभा ठेवावी. तीत प्रत्येक वर्गातून गायक आणि साथीदार दोघेही विद्यार्थीच असावेत, व्यावसायिक साथीदार आणून मुलांना सजवून बसवू नये. मोठ्या कलाकारांचे महोत्सव आपल्याकडे होतात आणि ते व्हावेतच, पण शिकणाऱ्यांना एकमेकांचे ऐकण्यासाठीही मंच हवा. शासनाच्या कला आणि संस्कृती संचालनालयाने संगीत शिकवणाऱ्या संस्थांना साहाय्य देताना किती विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण झाले, एवढेच पाहू नये. संस्थेत नियमित बैठक होते का, आणि तिथले विद्यार्थी परस्परांना साथ करतात का, याचीही विचारणा व्हावी. परीक्षा घेणाऱ्या मंडळांनाही विनंती करावीशी वाटते की गायनाच्या परीक्षार्थीने हातावर ताल देऊन ठेका म्हणून दाखवणे जसे आवश्यक मानले जाते, तसे तबल्याच्या आणि पेटीच्या वरच्या परीक्षांत अनोळखी नवशिक्या गायकाला साथ करून दाखवण्यासाठी काही गुण राखून ठेवावेत. परीक्षेत गुण आहेत असे दिसले की वर्गात त्यासाठी वेळ आपोआप निघतो.

गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम आता जवळ आले आहेत. बहुतेक वर्गांत त्या दिवशी प्रत्येक विद्यार्थी पाच मिनिटे गातो, पालक आपल्या मुलाचे चित्रण करतात आणि त्याचे झाले की निघून जातात. यंदा शिक्षकांनी त्या कार्यक्रमात एखादी बंदिश तरी सर्व विद्यार्थ्यांची मिळून बसवावी, तबल्यावर आणि पेटीवर वर्गातीलच मुले ठेवावीत, आणि पालकांना शेवटपर्यंत बसण्याची स्पष्ट विनंती करावी. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या परीक्षांच्या तयारीचे वेळापत्रक त्यानंतर लगेच लागते. त्या कागदावर एकत्र बैठकीचा वार आणि वेळ लिहिलेली असावी, परीक्षा जवळ आली म्हणून ती खोडली जाऊ नये. मुलाला नव्या वर्गात घालताना पालक फी किती आणि वर्षात कोणती परीक्षा, हे विचारतात. सगळी मुले एकत्र कोणत्या दिवशी बसतात, हेही त्यांनी त्याच वेळी विचारावे.

कळावे.

आपली नम्र,
एक पालक आणि संगीत वर्गाची माजी विद्यार्थिनी,
फोंडा, गोवा